कॉफीच्या फ्रँचायजीत ७,९४,५०० रुपये गेले, सोलापूरकरांनो वाचा

फ्रँचायजीवाले कसे गंडवतात ते नव्याने सांगायला नको. चकचकीत जाहिरात, 'एरिया बुक' करायची घाई, पैसे पोचले की फोन बंद. हे मलाही माहीत होतं. टॉवेलच्या धंद्यात आयुष्य गेलंय, उधारी बुडवणाऱ्यांची जातकुळी ओळखतो मी. तेव्हा "एवढा व्यवहारी माणूस कसा फसला" हे विचारू नका, ते घरचेच रोज विचारतात.

माग मंदावलेले, पोरगं इंजिनिअर होऊन घरी बसलेलं, विजापूर रोडला कॉलेजच्या मुलांची वर्दळ. कॉफीशॉप चालेल हा हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही.

कंपनीने घेतले ते असे: फ्रँचायजी फी ३,५०,०००, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ६३,०००, मशीन २,८५,०००, पहिला माल ९६,५००. गाळ्याचं डिपॉझिट आणि फर्निचर यात नाही, तो आकडा लिहायला हात वळत नाही.

जीएसटीचे ६३,००० घेतले आणि पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली. वर 'तात्पुरती पावती', खाली गोल शिक्का, जीएसटी नंबर कुठेच नाही. रोज बिलावर २७ ने सुरू होणारा नंबर आधी बघतो मी! गप्प बसलो असंही नाही, लगेच फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "सर, बिल महिनाअखेरीला सिस्टीममधून निघतं. पण मशीनचे पैसे संध्याकाळपर्यंत नाही आले तर सोलापूरचा एरिया लातूरच्या पार्टीला जाईल." पोरगं समोर उभं. "पप्पा, भरून टाका ना." आरटीजीएसच्या फॉर्मवर नाव लिहायचं होतं ते कंपनीचं नव्हतं, एका माणसाचं होतं. तिथे पेन थांबलं होतं माझं. पण तेव्हा मोडता घातला असता तर "तुम्हाला टॉवेलशिवाय काही कळत नाही" हे जन्मभर ऐकावं लागलं असतं. तुम्ही काय केलं असतं, सांगा.

दुकान उघडलं आणि पूर्वभागातले एक तेलुगू आजोबा आले. एक घोट घेतला, कप खाली ठेवला. "यात चिकरी हाय की ओ. पाटीवर शंभर टक्के अरेबिका कशाला लिहिलाव?" चिकरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती मुळाची पूड, अरेबिका ही कॉफीची जात. रात्री पुडक्यावरचं सोनेरी स्टिकर नखाने खरवडलं. खाली बारीक अक्षरात छापलेलं: कॉफी ५३ टक्के, चिकरी ४७ टक्के. चिकरी मिसळणं गुन्हा नाही. कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पुडक्यावर छापायला हवं, एवढाच नियम आहे. ते झाकून 'शंभर टक्के' चिकटवणं हा गुन्हा. करारात माल त्यांच्याकडूनच घ्यायचं बंधन, म्हणजे मी तेच विकत राहायचं.

अन्न खात्यात गेलो तर साहेब म्हणाले, नमुना तुमच्या दुकानातून घेऊ, परवाना तुमचा आहे. माल कुणाकडून आला हे दाखवता आलं नाही तर विकणारा अडकतो, २००६ चा कायदाच तसा आहे. आणि दाखवायला माझ्याकडे काय, गोल शिक्का! तक्रार करायला गेलेला मी आरोपी व्हायच्या बेतात परत आलो.

एवढ्यात दक्षिणेतल्या एका जुन्या कॉफी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली: आमच्या नावासारखी पाटी उतरवा. आमच्या वकिलांनी सांगितलं, २०१८ मध्ये स्टारबक्सने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर 'सरदारबक्ष' कॉफीवाल्यांना नाव बदलून 'सरदारजी-बक्ष' करावं लागलं होतं. मला 'ट्रेडमार्क सर्टिफिकेट' म्हणून जे दाखवलं होतं ती नुसती अर्जाची पोच निघाली. असा अर्ज कुणीही माणूस स्वतःच्या नावाने ऑनलाइन ४,५०० रुपयांत करतो. ट्रेडमार्क नोंदणीच्या साइटवर फुकट बघता येतं, बघा.

आता पोलीस. "सही तुमचीच हाय ना शेठ? मग हे दिवाणी हाय. आणि पैसे गेले गुरुग्रामला, तिकडं जावा." १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ स्पष्ट सांगतं की गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. मी प्रिंट काढून टेबलावर ठेवली. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला! अर्ज 'चौकशीवर' आहे म्हणे. कुणाची चौकशी, कोण करतंय, कुणालाच पत्ता नाही. साहेब बंदोबस्तात, मग साहेब रजेवर, मग साहेबांची बदली. नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि तेही तेच म्हणणार, दिवाणी हाय. ठाण्यात ऐकत नसतील तर आयुक्तांना पोस्टाने लेखी पाठवा, पोच जपा, पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला तीच लागते. तोंडी काही सांगू नका.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर उत्तर मिळालं, तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्यालाही ग्राहक धरतात, पण करार माझ्या नावावर आणि माझा टॉवेलचा धंदा आधीचाच. गल्ल्यावर बसणार होता पोरगा. जो बसणार, त्याच्याच नावावर करार करा. वकील म्हणतात तरीही जिल्हा आयोगात लढू, फी २०० रुपयेच आहे. वकिलांची फी वेगळी, ते त्यांनी हळूच सांगितलं. करारात 'वाद झाल्यास लवाद गुरुग्राममध्ये' ही ओळ असेल तर सही करायच्या आधी ती खोडायला लावा. फ्रँचायजीसाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही, कागदावर असेल तेच तुमचं.

मशीन विकायला काढलंय, जुनं रंगवून दिलंय हे मेकॅनिकने सांगितल्यापासून कुणी ३०,००० च्या वर बोलत नाही. आणि त्यांची जाहिरात अजून फिरतेय, आता नवं नाव, नवी पाटी, 'बार्शी, पंढरपूर एरिया शिल्लक'. तिकडच्या कुणाला फोन आला तर आधी जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल मागा आणि नंबर सरकारी पोर्टलवर टाकून कुणाच्या नावावर आहे ते बघा. संध्याकाळपर्यंतची मुदत दिली तर उद्या या म्हणा.