सीलबंद खोकं

आठ महिने मी ते खोकं उघडलं नाही. विकणाऱ्याचा सगळा डाव या एका गोष्टीवर उभा होता, हे मला उघडल्यावर कळलं.

गाड्यांची स्केल मॉडेल बनवणाऱ्यांत दोन जमाती असतात. एक किट हातात पडलं की त्याच रात्री स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्याला जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, भाग कापायला बसणारी. दुसरी खोकी एकावर एक रचून ठेवणारी, अधूनमधून नुसती धूळ पुसणारी. मी पहिल्या जमातीतली. इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरला केसाएवढ्या तारा जोडणं, खिडकीच्या कडेला क्रोमची फॉइल चिकटवून ती बोथट काडीने घासत बसणं, हाच माझा आनंद. न उघडलेल्या खोक्याची पूजा करणाऱ्यांना मी हसत आले. मग हे किट आलं आणि मीही पूजा सुरू केली.

किट होतं साठच्या दशकातल्या शेव्हरोलेट इम्पाला कन्व्हर्टिबलचं, एएमटीचं, 1/25 मापाचं. बाहेरच्या माणसाला एवढ्याशा प्लास्टिकसाठी जीव का टाकायचा हे कळणार नाही, म्हणून सांगते. एएमटी ही 1948 साली सुरू झालेली अमेरिकन कंपनी. 1958 पासून ती दरवर्षीच्या नव्या मोटारींची किट काढू लागली. एकाच खोक्यात तीन तऱ्हा असायच्या: शोरूममधली साधी गाडी, सजवलेली कस्टम, नाहीतर शर्यतीची. पुढच्या वर्षी खऱ्या मोटारीचा चेहरा बदलला की कंपनी बहुतेक वेळा नवा साचा करत नसे. जुनाच पोलादी साचा कोरून, बदलून त्यातून नव्या वर्षाची गाडी काढायची. त्यामुळे काही गाड्यांचा मूळ साचाच जगात उरलेला नाही. तेव्हा जी किट निघाली तेवढीच, आणि त्यांतली बहुतेक तेव्हाच्या पोरांनी गोंदाने बरबटवून खेळून मोडली. न उघडलेलं किट म्हणजे काय, हे यावरून समजा.

जाहिरातीत फोटो छान होते. खोक्याच्या सहाही बाजू, वर पारदर्शक आवरण, एका कोपऱ्याला जुनाट पिवळेपणा. विकणारा गोड बोलायचा. किट वडिलांच्या संग्रहातलं आहे, त्यांनी कधी उघडलं नाही, आता घर आवरायचंय, पण ज्याला कदर आहे त्यालाच द्यायचंय. मी कदर असलेली निघाले, याचं त्याला केवढं समाधान! आतल्या भागांचे फोटो मागितले तर म्हणाला, "सील फोडलं तर किंमत राहील का? तुम्हीच सांगा." मीच सांगितलं, राहणार नाही. माझ्याच तोंडून त्याने माझा प्रश्न खोडून घेतला, आणि मला वाटलं, काय जाणकार माणूस आहे.

पैसे पेपालने, पण मित्राला किंवा घरच्यांना पाठवतात त्या प्रकाराने पाठवा, म्हणजे शुल्क वाचेल, असं त्याने सुचवलं. वाचलेलं शुल्क तो मला किमतीत सोडणार होता. या प्रकाराने पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण मिळत नाही. मला ते माहीत होतं. मुळीच माहीत नसतं तर आज निदान स्वतःची कीव तरी करता आली असती. साध्या चांगल्या किटच्या पाचपट रक्कम मी त्या सवलतीच्या आनंदात पाठवून दिली.

खोकं आलं, नीट बांधून. आवरण ताणून बसलेलं, कडा सरळ, हलवलं की आत खडखड. मी ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आणि आठ महिने येता-जाता बघितलं.

खोकं उघडायचं कारण किरकोळ होतं. मी दुसऱ्या एका इम्पालावर काम करत होते आणि तिच्या डॅशबोर्डचा तपशील अडला होता. मूळ किटमध्ये तो कसा कोरलाय हे बघावं, म्हणून मन घट्ट करून पातळ पात्याने आवरण कापलं. आत चासी, इंजिन, सीट, क्रोमचे बंपर, टायर, पारदर्शक प्लास्टिकची काच, डेकलचा म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील चित्रांचा कागद. सगळं होतं. बॉडीचा रंग किंचित मळकट पांढरा, इतर भागांपेक्षा वेगळा. जुनं प्लास्टिक आहे, म्हटलं. सवयीने बॉडी चासीवर ठेवून बघितली आणि ती बसेना. पुढची चाकं कमानीच्या मधोमध आणली की मागची कमानीच्या कडेला टेकायची. वाकली असेल असं वाटलं. वाकली नव्हती, लहान होती.

खऱ्या इम्पालाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 119 इंच, म्हणजे 3023 मिलिमीटरच्या आसपास. 25 ने भागलं की 120.9. चासी बरोबर तेवढी भरली. बॉडीवर मात्र कमानीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मिलिमीटरभर कमी. मूळ भागावरून सिलिकॉनचा साचा घेऊन त्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं द्रव प्लास्टिक, ओतलं की नक्कल जराशी आकसते. एका नकलेवरून दुसरी काढली की आणखी. जुनी किट मुळात मापाला पक्की असतातच असं नाही, त्यामुळे नुसत्या पट्टीवर मी भरवसा ठेवला नसता. पण एकाच खोक्यातली चासी आणि बॉडी एकमेकींना ओळखत नाहीत म्हटल्यावर पुढचा तपास करणं भाग होतं.

बॉडीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पातळ मॉडेल सिमेंटचा एक थेंब टाकला. किटचं नेहमीचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, असतं तर पृष्ठभाग लगेच मऊ पडून चमकला असता, नखाला चिकटला असता. थेंब उडून गेला आणि जागा कोरडी ठणठणीत. रेझिनवर हे सिमेंट चालत नाही, त्याला सुपरग्लू किंवा इपॉक्सी लागतं. मग भिंगाखाली बघितलं. किटमध्ये साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल ठसे आतल्या बाजूला असतात, ते इथे घासून काढल्यासारखे पुसट. दाराच्या खाली टाचणीच्या टोकाएवढे दोन बुडबुडे. मागच्या फेंडरवरची अक्षरं विरघळल्यासारखी. बॉडीची भिंत जाड. एवढं सगळं हाताला लागलं असताना सुरुवातीला मी रंग बघून "जुनं प्लास्टिक" म्हणाले होते.

डेकलचं तर मला हसूच आलं. जुन्या छापील डेकलमध्ये प्रत्येक चित्राभोवती त्याची स्वतःची पातळ फिल्म असते, कागद तिरपा धरला की कडा दिसते. या कागदावर एकच सलग फिल्म होती, म्हणजे कुणीतरी स्कॅन करून घरच्या प्रिंटरवर छापलेलं. साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, त्यामुळे जिथे पांढरे आकडे हवे होते तिथे नुसता कोरा कागद. निळ्या गाडीवर ते लावले असते तर आकड्यांच्या जागी आरपार निळं दिसलं असतं.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती काच. जुन्या किटमधले टायर मऊ व्हिनाइलचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि ज्या पॉलिस्टायरीनला टायर टेकलेला असेल ते खाऊन टाकतं. जुनी किट उघडणाऱ्या प्रत्येकाने तो चंद्रकोरीसारखा वितळलेला डाग बघून कधी ना कधी शिवी घातलेली आहे. माझ्या खोक्यात टायर सुटे होते, काचेला लागून होते, आणि काच अशी स्वच्छ की त्यातून वर्तमानपत्र वाचावं. पन्नासच्या वर वर्षं शेजारी राहून डाग नाही? ते टायर आणि ती काच शेजारी राहायला आल्याला फार तर वर्ष झालं असेल.

आवरणाचंही तेच. असं आवरण जुनं झालं की आणखी आकसतं, पुठ्ठ्याच्या कडा आत ओढतं, खोक्याला पोक येतं. माझं खोकं ताठ उभं होतं आणि मी त्या ताठपणाचं कौतुक करत होते! आकसणारी फिल्म आणि गरम हवेचं यंत्र कुणालाही विकत मिळतं. सील म्हणजे कंपनीची शपथ आहे असं आपण धरून चालतो, एवढंच. काही जपानी कंपन्यांच्या खोक्यांना तर मुळात आवरणच नसतं, आतल्या पिशव्या तेवढ्या बंद असतात. त्यावर कुणी "मूळ सील" म्हणून चकचकीत आवरण दाखवलं तर दोन पावलं मागे सरका.

रेझिनवर माझा राग नाही, हे मध्येच सांगून टाकते. स्वतः मास्टर, म्हणजे मूळ नमुना, घडवून, रेझिन आहे असं उघड सांगून बॉडी विकणारे कारागीर आहेत, त्यांच्यामुळे कितीतरी गाड्या बनवता येतात. इथे दुसऱ्याच्या कामाची नक्कल मूळ म्हणून विकली, आणि खरी चासी, खरे बंपर सोबत ठेवून तिला साक्षीदार दिले. त्या एका खऱ्या किटमधून त्याने किती खोकी केली असतील, मोजत नाही. खरी बॉडी बहुधा वेगळी विकली असेल.

विकणाऱ्याला लिहिलं. पहिलं उत्तर आलं, "मी तर बंद खोकं दिलं होतं, उघडल्यावर तुम्ही आत काय ठेवलंत मला काय माहीत?" दुसरं उत्तर आलंच नाही. आणि खरं सांगायचं तर त्याच्या पहिल्या उत्तराला माझ्याकडे तोड नव्हती. उघडताना मी व्हिडिओ काढला नव्हता. पेपालवर तक्रार नोंदवायची मुदत पैसे दिल्यापासून 180 दिवस, ती केव्हाच उलटून गेलेली. आणि मुदतीत असते तरी मी पैसे मित्राला पाठवतात तसे पाठवले होते. मित्राने फसवलं अशी तक्रार कुठल्या खिडकीवर करायची?

छंदातल्या लोकांना मी हे सांगितलं, तेव्हा एका अनोळखी माणसाचा निरोप आला. त्यालाही याच विकणाऱ्याने गंडवलं होतं म्हणे, आणि त्याचे पैसे एकाने परत मिळवून दिले होते, थोडी आगाऊ फी घेऊन. त्या "एका"चा पत्ता द्यायला तो फारच उत्सुक होता. तिथे मात्र मी शहाणी निघाले. एकदा फसलेल्याच्या दारात दुसरा चोर मदतनीस बनून उभा राहतो.

आता मी आवरणातलं जुनं किट घेते ते एकाच बोलीवर: विकणाऱ्याने सील फोडायचं आणि भागांचे फोटो पाठवायचे, स्प्रूसकट, टायर नि काचेसकट. किंमत थोडी उतरते म्हणून कुरकुरणारे असतात, त्यांना सोडून देते. आधीच उघडलेलं, पण पूर्ण असलेलं किट मिळालं तर उत्तमच. संग्रह करणाऱ्यांना हे पटणार नाही. त्यांच्या खोक्यांत काय आहे ते त्यांनाही माहीत नाही, एवढंच मी म्हणते आणि वाद थांबवते.

माझ्याकडे तसंच आणखी एक बंद खोकं होतं, फार पूर्वी दुसऱ्याच माणसाकडून घेतलेलं. कोपरे चेपलेले, मधे पोक आलेलं, आवरण एका कडेला फाटलेलं. इम्पालाचा उलगडा झाला त्याच रात्री तेही कापलं, या वेळी समोर फोन उभा करून, व्हिडिओ चालू ठेवून. डेकल चहासारखे पिवळे पडले होते. काच उचलायला गेले तर तिच्याबरोबर एक टायर उचलला गेला, अर्धा आत रुतलेला. ओढून काढला तेव्हा काचेवर टायरच्या खोबणींसकट खोल डाग उरला. आता ती काच घासून, पॉलिश करूनही नीट होणार नव्हती, नवी घडवावी लागणार होती. मी ती दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ हसत बसले होते.