व्ही-नॉच प्लेट: पूर अडवणाऱ्या लहान मातीच्या धरणाला घ्यावी का?

धरणाच्या पायथ्याशी येणारी गळती मोजायला त्रिकोणी खाचेची जी प्लेट बसवतात तिला साइटवर सगळे व्ही-नॉचच म्हणतात. लेझरने कापलेली ३ मिमी स्टेनलेस प्लेट, ९० अंशांची २० सेंमी खोल खाच, पाण्याची उंची वाचायची गेजपट्टी, अँकर बोल्ट आणि रबरी गास्केट असा संच फॅब्रिकेटर करून देतात. दहा मीटरच्या आतल्या उंचीच्या, नाल्याचा लोंढा अडवणाऱ्या धरणाला तो कितपत उपयोगी पडतो, ते पाहू. एवढी लहान धरणं २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याच्या यादीत येत नाहीत. कायदा १५ मीटरच्या वरच्या आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांचा आहे. त्यामुळे इथे जी नोंद ठेवाल तीच काय ती नोंद.

साध्या लोखंडी प्लेटेपेक्षा स्टेनलेस कधीही चांगली. लोखंडाला दर वर्षी रंग मारला जातो, रंगाचे थर चढतात, खाचेची धार गोल होते आणि पाणी धारेवरून तुटून पडण्याऐवजी प्लेटेला चिकटून खाली उतरतं. धार १ ते २ मिमीच हवी. म्हणून ३ मिमीच्या प्लेटेला पाणी पडतं त्या बाजूने तिरका उतार घासून घ्यावा लागतो. लेझरवाला तो देत नाही, वेगळा सांगावा लागतो. बसवणारे मग बऱ्याचदा प्लेट उलटीच लावतात, उताराची बाजू पाण्याकडे. सपाट बाजू पाण्याकडे असायला हवी, हे ऑर्डरच्या कागदावरच लिहून द्या.

संचातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे गेजपट्टी प्लेटेवरच, खाचेला लागून चिकटवायला दिलेली असते. खाचेजवळ पाणी वाकून खाली जातं, त्यामुळे तिथलं वाचन नेहमी कमी येतं. पट्टी हवी वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, खाचेच्या टोकावर पाणी जास्तीत जास्त जितकं चढेल त्या उंचीच्या चौपट अंतरावर. १५ सेंमीपर्यंत पाणी चढणार असेल तर ६० सेंमी मागे. पट्टीचं शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीला जुळवायचं, गळतीचं पाणी आणणाऱ्या चारीच्या तळाला नाही. हे लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेही होतं. या खाचेत प्रवाह उंचीच्या अडीचव्या घाताने बदलतो. ५ सेंमीला सेकंदाला पाऊण लिटरच्या थोडं वर, ८ सेंमीला अडीच लिटर, १० सेंमीला ४.४ लिटर. ५ च्या जागी साडेचार वाचलं तर जवळजवळ पाव गळती कागदावरून गायब होते.

बांधकामात तीन ठिकाणी चुकतं. प्लेट ज्या आडव्या भिंतीत बसते ती चिकणमातीत पुरेशी खोल न गेल्यास पाणी भिंतीखालून निघून जातं. भिंतीपलीकडची ओल पाहिली की कळतं. भिंतीआधी दीडदोन मीटर सरळ, अस्तर केलेली चारी लागते आणि तिथला गाळ काढत राहावा लागतो. तिसरी चूक खालच्या बाजूची: पडल्यानंतरचं पाणी खाचेच्या टोकापेक्षा किमान ५-६ सेंमी खाली असायला हवं. नाल्याला फुगवटा आला की नॉच बुडते, आणि नेमक्या पुराच्या दिवशी वाचन निरुपयोगी होतं.

लहान गळतीला तर ही प्लेट नकोच. सेकंदाला अर्ध्या लिटरच्या आत असेल तर १० लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच जास्त खरं सांगतं. बादली भरायला वीस सेकंदांहून जास्त लागले की समजायचं, नॉचची वेळ आलेली नाही.

आकड्याचा अर्थ लावताना जलाशयाची पातळी आणि पाऊस शेजारीच लिहावा. पातळी तीच आणि गळती वाढली, तर आतून वाट मोठी होते आहे. अचानक कमी झाली तरी खूश होऊ नये. टो ड्रेन, म्हणजे झिरपलेलं पाणी बाहेर काढणारी पायथ्याची नाली, तुंबला असेल आणि पाणी दुसरीकडे वळलं असेल. सोबत काचेची बाटली ठेवा. पाणी भरून तासभर स्थिर ठेवलं आणि तळाशी माती बसली, तर भरावा धुपतो आहे. हे प्लेटेला कधीच कळत नाही. अशा जागी, किंवा पायथ्याला वाळू उकळत वर येताना दिसली तर, चिखलाने बुजवू नये. आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा थर टाकायचा, पाणी वाहू द्यायचं पण माती अडवायची. विमोचक (धरणातलं पाणी खाली सोडायची नळ-दाराची सोय) चालू असेल तर त्यातून पातळी उतरवायची आणि खालच्या वस्तीला हलवायचं.

पूर अडवणाऱ्या धरणाची खरी अडचण वेगळीच आहे. ते वर्षातला बहुतेक काळ रिकामं असतं. एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या मातीचा गाभा आक्रसतो, भेगा पडतात, आणि पहिल्या जोरदार पावसात काही तासांत पाणी थेट त्या भेगांवर येतं. नॉच तोवर कोरडी असते, मागचं वाचन नसतं, तुलना कशाशी करणार? इथे मे महिन्यातली फेरीच महत्त्वाची. माथ्यावर बारीक सळई घालून भेगेची खोली बघायची. माथ्याच्या लांबीने जाणारी भेग वाईट, पण पाण्याकडून पायथ्याकडे माथा ओलांडणारी त्याहून वाईट. विमोचकाच्या नळाभोवतीची माती तर हाताने चाचपून पाहावी. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं ते विमोचकावरचा भरावा खचूनच. घुशींची बिळं, सांडव्यातल्या वेड्या बाभळी हे सगळं त्याच फेरीत. चिपळूण तालुक्यातलं तिवरे २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेव्हा खेकड्यांना बोल लावण्यात आला. गळतीच्या तक्रारी मात्र गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

पाचपैकी साडेतीन गुण: पाझर तलावासारखं पाणी धरून ठेवणाऱ्या धरणाला साडेचार, कोरड्या राहणाऱ्याला अडीच. घ्यायचीच असेल तर गेजपट्टी वेगळ्या खुंटावर मागा, आणि संचातली गोंदाची पट्टी दुकानातच परत करा.