पियाजेचं जुनं लॅपिस डायलचं घड्याळ: आधी दगड बघा, मग नाव

सत्तरच्या दशकातलं पियाजे (स्विस घड्याळ कंपनी), चावीचं, सोन्याची केस म्हणजे बाहेरचं कवच, लॅपिस या निळ्या दगडाचं डायल आणि फक्त दोन काटे. तारीख नाही, सेकंद काटा नाही, आकडे पण नाहीत. बऱ्यापैकी वापरून झालंय म्हणून लिहितोय, कारण दगडी डायलच्या जुन्या घड्याळांबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात ब्रँड, रेफरन्स नंबर (मॉडेलचा क्रमांक) आणि लिलावात कितीला गेलं एवढंच असतं, दगडाबद्दल कोणी धड बोलत नाही. आणि आपण पैसे मोजतो ते त्या दगडाच्या चकतीसाठीच ना!

तर आधी डायल. निळा रंग एकसारखा अजिबात नाही. चारच्या बाजूला पायराइटचे सोनेरी कण दाट आहेत, दहाकडे जवळपास कोरं निळं, आणि सहाच्या वर कॅल्साइटचा एक पुसट पांढरा ढग. पुष्कळ जणांना तो ढग म्हणजे खोट वाटते, मला तर तोच सगळ्यात जास्त आवडतो, कारण असं दुसरं डायल जगात कुठेच नसणार. उन्हात मनगट जरा फिरवलं की कण एकेक करून चमकतात, घरात ट्यूबलाइटखाली मात्र तेच डायल काळपट दिसतं, त्यामुळे विक्रेत्याचे लखलखीत फोटो बघून निर्णय घेऊ नका, साध्या उजेडातला व्हिडिओ मागा.

पियाजेच का, तर त्याला कारण आहे. दगडाची चकती धातूच्या डायलइतकी पातळ करता येत नाही, फुटते. मग घड्याळ जाड होतं. पियाजेने 1957 मध्ये 9पी नावाचं चावीचं मशीन काढलं, फक्त 2 मिलिमीटर जाडीचं, आणि 1960 मध्ये 12पी हे ऑटोमॅटिक, 2.3 मिलिमीटर. मशीनमध्ये जी जागा वाचली ती दगडाला मिळाली, आणि 1963 पासून त्यांची लॅपिस, फिरोजा, टायगर आय, जेड असली डायल यायला लागली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींच्या पत्नी जॅकलिन केनेडींचं जेड डायलचं पियाजे प्रसिद्धच आहे. माझं घड्याळ शर्टाच्या बाहीखाली कुठे अडकत नाही, हातात आहे हेच विसरायला होतं, आणि एवढ्या पातळ केसमध्ये खरा दगड बसवलाय याचं मला अजून नवल वाटतं.

रोलेक्सच्या डे-डेटमध्ये पण ऑनिक्स, लॅपिस, मॅलाकाइट वगैरे दगडांची डायल मिळतात आणि भाव तर विचारूच नका. दिसतात देखणी, वाद नाही. पण त्यात वार आणि तारीख अशा दोन खिडक्या दगडात कापाव्या लागतात आणि तडा जायचा असेल तर बहुतेक तिथल्या कोपऱ्यातूनच सुरू होतो. म्हणून माझं मत विचाराल तर दोन काट्यांचं, बिनतारखेचं घ्या.

तडा कसा ओळखायचा ते सांगतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. दहापट मोठं दाखवणारं लूप (घड्याळजींचं छोटं भिंग) घ्या, उजेड वरून न टाकता बाजूने टाका. दगडाची मूळची शीर असेल तर तिला स्वतःचा रंग असतो, ती जाडबारीक होत जाते. तडा म्हणजे केसासारखी एकच रेघ, घड्याळ कलतं केलं की चमकते आणि परत गायब होते. मधलं काट्यांचं भोक आणि डायलची कड नीट बघा. मला एकाने «दगडाची नैसर्गिक रेघ आहे» म्हणून मॅलाकाइटचं एक दाखवलं होतं, पण ती रेघ हिरव्या पट्ट्यांना सरळ आडवी कापत गेलेली, आणि मधल्या भोकातून निघालेली! सरळ नको म्हटलं.

मॅलाकाइट मुळातच मऊ, कडकपणा (1 ते 10 च्या मोह्स मापावर) 3.5 ते 4, लॅपिस 5 ते 5.5, टायगर आय आणि ऑनिक्स 7 च्या आसपास. पहिलंच घेत असाल तर ऑनिक्स किंवा टायगर आय बरं. फिरोजा आणि पोवळं सच्छिद्र असतात, जुन्या केसमधून ओल आत गेली तर रंग बिघडू शकतो. अॅव्हेंच्युरीन म्हणून जे निळं चमचमतं डायल विकतात ते बहुतेक वेळा काच असते, दगड नाही, सुंदर असतं पण दगडाचा भाव देऊ नका.

तक्रारी आहेत थोड्या. काटे सोनेरी आणि बारीक, कमी उजेडात वेळ पटकन कळत नाही. क्राऊन (चावी द्यायचं बाजूचं बटण) इतका छोटा की चावी देताना नखाने धरावा लागतो. पाण्यापासून तर लांबच ठेवायचं, हात धुताना पण काढतो. आणि सर्व्हिसिंग कोणाकडेही देऊ नका, काटे उपसताना हत्यार जरा जास्त दाबलं गेलं की चकती गेली, आणि जुळणारी दुसरी मिळत नाही. ज्याने आधी दगडी डायल उघडलीयेत त्यालाच द्या, आणि देण्याआधी त्याच्यासमोर डायलचे जवळून फोटो काढून ठेवा.