जबरी चोरीच्या अपिलासाठी टिपण सेवा: ओळख परेड चोख, जप्ती कच्ची

पेपरबुक (खटल्याच्या कागदपत्रांचा अपिलासाठी केलेला संच) वाचून अपिलाचे मुद्दे काढून देणारी ही सेवा ओळख परेडवर, म्हणजे साक्षीदाराने रांगेतून आरोपी ओळखण्याच्या चाचणीवर, खरोखर मन लावून काम करते. अटक कधी, परेड कधी, मधल्या काळात आरोपी साक्षीदारांना दिसला का, फोटो दाखवले का, चेहरा झाकून नेल्याची नोंद आहे का, हे सगळं पानक्रमांकासह मिळतं. डमी (आरोपीसोबत रांगेत उभे केलेले इतर लोक) वयाने-बांध्याने मिळतेजुळते होते का, तेही तपासतात. परेड फक्त पुष्टीसाठी, मूळ पुरावा कोर्टातली ओळखच, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून घटनास्थळी उजेड किती, चेहरा किती वेळ दिसला, यावर दोन पानं आहेत. ती फार मोलाची.

मुद्देमालाचा भाग मात्र निराश करतो. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७खाली (जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३) पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीच्या निवेदनाचा, ज्यातून वस्तू सापडली, तेवढा शोधापुरताच भाग ग्राह्य असतो. टिपणात कबुलीचा मजकूर वेगळा काढलेलाच नाही. पंच (जप्तीच्या वेळचा साक्षीदार) फितूर म्हणजे जप्ती संपली, हे गृहीतकही चूक: तपास अधिकाऱ्याची विश्वासार्ह साक्ष पुरू शकते. त्यापेक्षा लाखेचं सील, मुद्देमाल रजिस्टरमधल्या तारखा आणि दागिन्यांचं वर्णन फिर्यादीत आहे का, हे ताडून बघायला हवं होतं. जप्तीचे पंचनामे वकिलाने स्वतःच वाचावेत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) कलम ३९७साठी, म्हणजे प्राणघातक शस्त्र वापरून केलेल्या जबरी चोरीसाठी (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३११), शस्त्र नेमकं कोणी वापरलं, याची छाननी मात्र नीट केलेली आहे.