दोन आजार, एक खिडकी: नागपुरातील एका एआरटी केंद्राच्या सेवेविषयी

नागपुरातील एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात क्षयरोग आणि एचआयव्ही या दोन्ही आजारांचे उपचार एकाच ठिकाणी मिळतात. नात्यातील एका गृहस्थांना हे दोन्ही आजार एकदमच निघाले आणि त्यांच्यासोबत माझे या केंद्रात दीर्घकाळ जाणे-येणे झाले. माझे मत आधीच सांगून टाकतो. औषधोपचाराच्या बाबतीत हे केंद्र आम्ही त्याआधी पाहिलेल्या खासगी दवाखान्यांपेक्षा कितीतरी सरस आहे. रुग्णाचे गुपित सांभाळण्यात मात्र ते कमी पडते. (हा मजकूर त्या गृहस्थांनी वाचला आहे आणि त्यांची संमती आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

खासगी दवाखान्यात नेमके काय चुकले होते, हे कळल्याशिवाय या केंद्राची किंमत लक्षात येत नाही. ताप उतरत नव्हता, वजन घटत होते, मानेला गाठ आली होती. तरीही प्रतिजैविके बदलून बदलून दिली जात होती. बेडक्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत जंतू दिसले नाहीत आणि छातीचा एक्स-रे जवळपास स्वच्छ आला, म्हणून क्षयाची शंका बाजूला पडली. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेली असते तेव्हा नेमके असेच होऊ शकते: बेडक्यात जंतू थोडे असतात, एक्स-रेवर नेहमीच्या खुणा उमटत नाहीत आणि आजार फुफ्फुसाबाहेर, गाठींमध्ये किंवा मेंदूच्या आवरणात घर करतो. एचआयव्हीची चाचणी तिथे कुणालाही सुचली नाही. एआरटी केंद्रात याउलट प्रत्येक भेटीला प्रत्येक रुग्णाला चार प्रश्न ठरलेले असतात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरले का, रात्री घाम फुटतो का. एकाही प्रश्नाला होकार आला की तपासणीचा कागद हातात पडतो. आमच्या रुग्णाच्या गाठीतला पू सुईने काढून सीबीनॅट या, जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीला पाठवला गेला. यंत्राला सुमारे दोन तास लागतात, आणि क्षयाचे जंतू आहेत की नाहीत यासोबतच ते रिफाम्पिसिन या औषधाला दाद देतील का, हेही अहवालात येते. इतके दिवस जे सापडत नव्हते, ते कागदावर एका ओळीत लिहून आले.

या केंद्राची खरी गुणवत्ता मला औषधवाटपाच्या खिडकीवर दिसली. एचआयव्हीसाठी सध्या टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकाच गोळीत दिवसातून एकदा दिली जातात. क्षयावरचे मुख्य औषध रिफाम्पिसिन हे यकृताला असे कामाला लावते की डोल्युटेग्रॅविर शरीरातून फार लवकर निघून जाते आणि विषाणूला आवर घालण्याइतके रक्तात उरत नाही. म्हणून क्षयाचे उपचार चालू असेपर्यंत, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावर आणखी दोन आठवडे, डोल्युटेग्रॅविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक वेगळी गोळी एकत्रित गोळीनंतर बारा तासांनी घ्यावी लागते. क्षयाची औषधे एका दारातून आणि एचआयव्हीची दुसऱ्या दारातून घेणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला ही गोळी येईलच, याची खात्री कोण देणार? इथे औषधनिर्मात्या बाईंनी ती गोळी वेगळ्या कागदी पाकिटात घातली, पाकिटावर पेनाने ‘रात्री ९’ असे ठळक लिहिले आणि म्हणाल्या, “भाऊ, ही रात्रीची आहे बरं, सकाळच्या डबीत टाकू नका.” पुढच्या भेटीत त्यांनी रिकामे पाकीट परत मागितले आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या. एवढी काळजी मी पैसे मोजूनही कुठे पाहिलेली नाही.

क्षयाच्या गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, त्यामुळे दर वेळी काट्यावर उभे राहावेच लागते. चाळीस किलोच्या माणसाला रोज तीन गोळ्या लागतात, पन्नासच्या पुढे गेला की चार. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन, हा क्रम बहुतेकांना ठाऊक असतो; एचआयव्हीच्या गोळ्या त्याच दिवशी का सुरू होत नाहीत, हे मात्र आम्हाला तिथेच कळले. क्षयाचे उपचार आधी सुरू करून साधारण दोन आठवड्यांच्या आत एआरटी जोडली जाते. क्षय मेंदूच्या आवरणात असेल तर आणखी थांबतात. प्रतिकारशक्ती एकाएकी जागी झाली की ती दबलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि रुग्ण बरा होण्याऐवजी बिघडल्यासारखा दिसतो. आमच्याकडे तेच घडले. एआरटी सुरू झाल्यावर मानेची गाठ पुन्हा फुगली आणि ताप चढला. घरच्यांनी औषधे बंद करण्याचा धोशा लावला होता, पण समुपदेशकांनी ही शक्यता आधीच समजावून ठेवली होती, म्हणून आम्ही गोळ्या न सोडता थेट केंद्र गाठले. डॉक्टरांनी काही काळ स्टेरॉइड दिले आणि दोन्ही उपचार अखंड चालू ठेवले. लघवीचा रंग नारिंगी होईल, पायांना मुंग्या आल्यास सांगा, नजर अंधुक वाटली तर लगेच या, हेही सगळे आधी सांगून झाले होते.

आता उणे बाजू. केंद्राच्या नावाची पाटी मोठ्या अक्षरांत आहे आणि बाके उघड्या व्हरांड्यात, जिथून बाह्यरुग्ण विभागाची निम्मी गर्दी ये-जा करते. रुग्णाला क्रमांकाने बोलवायची पद्धत आहे खरी, पण गर्दी वाढली की शिपाई सरळ पूर्ण नावाने हाक मारतो. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही, आणि वीस किंवा त्याहून जास्त माणसे काम करत असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी असावा लागतो. हा अधिकारी कोण, हे सांगणारी पाटी मला दिसली नाही. ती मोठी असायला हवी होती.

या हाकेची भीती किती खोल आहे, ते बाकावर बसल्यावर कळते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, पलीकडे छिंदवाडा-बालाघाटकडूनही माणसे इथे येतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या तालुक्याला लिंक एआरटी केंद्र (मुख्य केंद्राशी जोडलेले, गोळ्या देणारे छोटे केंद्र) असूनही ती येतात, कारण तिथला कर्मचारी ओळखीचा निघतो. एसटीत आजारासाठी सवलत आहे, पण ती घ्यायची तर कार्ड वाहकासमोर काढावे लागते; आमचे गृहस्थ गणेशपेठ बसस्थानकावर उतरेपर्यंतचे पूर्ण तिकीट काढतात. घरी त्यांनी ‘टीबी झाला’ एवढेच सांगितले आहे. एकेकाळी दडवला जाणारा क्षय आता दुसरा आजार झाकायला उपयोगी पडतो आहे, आणि तरीही त्यांचे ताट-वाटी वेगळी काढली गेलीच. पत्नीला मात्र त्यांनी सगळे सांगितले, आणि ते केंद्रातच, समुपदेशकांच्या बंद खोलीत. तिची चाचणीही त्याच दिवशी झाली. त्या खोलीला दार आहे, हे मी मुद्दाम नोंदवतो.

क्षयरुग्णांना पोषणासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय अनुदान नोव्हेंबर २०२४ पासून महिना पाचशेवरून हजार रुपये झाले आहे. आमचे पैसे उशिरा आले, कारण बँक खाते आधारशी जोडलेले नव्हते आणि ते पहिल्याच दिवशी कुणी तपासले नाही. तेव्हा जाताना आधार आणि पासबुक दोन्ही न्यावे, सकाळी लवकर पोचावे, आणि नावाने हाक नको असेल तर नोंदणीच्या वेळीच तसे स्पष्ट सांगावे. आम्ही सांगितल्यावर ते पाळले गेले. जाण्याआधी काही विचारायचे असल्यास एचआयव्हीसाठी १०९७ आणि क्षयरोगासाठी १८००-११-६६६६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.