डाळमिलवाल्या घराला नियम बसवून देणारा सल्लागार: घ्यावा का? (चार स्टार)

आमची लातूरात डाळमिल, एकत्र कुटुंब, गल्ला एकच. पुतण्याला पॅकबंद डाळीचा ब्रँड काढायचा होता अन् मोठे काका म्हणायचे आधी मिल चालव नीट. म्हणून बाहेरचा एक सल्लागार बोलावला, फर्मचं नाव लिहीत नाही.

माणूस हुशार. सगळ्यांशी वेगवेगळं बोलला, सुनांशी अन् लग्न झालेल्या बहिणींशी पण. काका म्हणले पोरींना काहून मधी घ्यायलेत, तर त्यानं शांतपणे सांगितलं की जागा एचयूएफची, म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबाची आहे अन् हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच. मिलची भागीदारी तर अजून कच्ची, करारात काही लिहिलेलं नसलं तर भागीदार वारला की 1932 च्या भागीदारी कायद्यानं फर्मच मोडते, हे आमच्या सीएनं कधी बोलून दाखवलं नव्हतं!

पण खरे पैसे वसूल झाले ते नव्या धंद्याच्या नियमात. दरवर्षी नफ्यातला ठरलेला हिस्सा फंड म्हणून बाजूला काढायचा, ज्याला काही नवीन करायचंय त्यानं कागदावर हिशोब मांडायचा, घरचे अन् एक बाहेरचा माणूस मिळून ठरवणार, पैसे हप्त्यानं, अन् किती बुडाले की थांबायचं ते आधीच लिहून. बुडाले तर त्याच्या वाटणीतून कापायचे नाहीत. लई वाद झाला तो ब्रँड चालला तर कुणाचा यावर, शेवटी काही हिस्सा पुतण्याचा, बाकी घराचा असं ठरलं. शिवाय मिलवर बसणाऱ्याला पगार, नफा वेगळा. आधी ज्याला लागेल तो गल्ल्यातून उचलायचा.

डाबरच्या बर्मन घराण्यानं 1998 ला रोजचा कारभार बाहेरच्या मॅनेजरांकडं दिला हे सांगितलं तर काका म्हणतात आपल्याकडं मुनीम आहे की. आता काय बोलावं.

एक स्टार कापला कारण त्याला मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, कळत नाही. फंडाची मिटिंग जानेवारीत ठेवली, तेव्हा नवी तूर येत असते अन् सगळी रोकड खरेदीत अडकलेली असते, आम्हीच ती पावसाळ्यात ढकलली. फी पण आधीच पूर्ण घेतली अन् नंतर फोन उचलायला टाळाटाळ.

कुणी असा सल्लागार घेणार असाल तर अर्धी फी शेवटच्या सहीपर्यंत राखून ठेवा अन् नियमांची फाईल मराठीतच मागा, आमची इंग्रजीत आली, काकांनी न वाचताच बाजूला सारली, मराठी करून घ्यायला वेगळे पैसे गेले.