पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक: वर्षभरानंतर, आणि त्या ब्रेक लाइटचं काय?

माझ्या फियाटला, म्हणजे प्रीमियर पद्मिनीला, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी, तिला कॅलिपरमधले पॅड दोन्हीकडून चिमटतात) बसवून वर्ष होत आलं. लिहायचं कधीचं मनात होतं, पण मुहूर्त लागला तो परवा गॅरेजवाल्याशी झालेल्या भांडणामुळे. भांडण ब्रेकवरून नाही, ब्रेक लाइटवरून. "साहेब, गाडी थांबतेय ना? मग लाइटचं इलेक्ट्रिशियनला विचारा." कॅलिपरपासून बूस्टरपर्यंत प्रत्येक नटबोल्टचे पैसे ज्याने मोजून घेतले, त्याचं हे उत्तर. डोकं फिरलं. असो, क्रमाने सांगतो.

गाडी १९८४ची, घरचीच. चारही चाकांना ड्रम (फिरणारं बंद भांडं, त्याला आतून लायनर लावलेले शूज दाबतात), सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. फियाटवाल्यांना हे नव्याने सांगायला नको. ड्रम अगदीच टाकाऊ होते असं मी म्हणणार नाही. लायनर चांगले असले आणि अ‍ॅडजस्टमेंट वेळच्या वेळी केली तर गाडी सरळ थांबायची. रडगाणं दोन ठिकाणी. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ड्रम तापून फुगायचे, लायनरपासून लांब जायचे, आणि वाई दिसेपर्यंत पायडल निम्म्याच्या खाली गेलेलं असायचं. दुसरं म्हणजे पाऊस. ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिला ब्रेक देवाच्या भरवशावर आणि दुसऱ्याला गाडी डावीकडे ओढणार. त्यात व्हील सिलिंडरची, म्हणजे ऑइलच्या दाबाने शूज ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची, रबरं. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर हा माल कुठेही मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आता नाना पेठेत विचारलं तर "बघून सांगतो" म्हणतात आणि कुणी सांगत नाही.

म्हणून पुढे डिस्क, मागे ड्रम तसेच, व्हॅक्यूम बूस्टर आणि टँडेम मास्टर सिलिंडर (पायडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा, पण दोन वेगळ्या सर्किटचा) असं काम काढलं. बरेच जण मारुती ८००चे कॅलिपर लावतात. स्वस्त पडतात, आणि १२ इंची चाकात मावणारी वस्तू आपल्या १४ इंचीत आरामात बसते. पण ८००चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, आपली नऊशेच्या घरात. मी जास्तीचे पैसे टाकून मारुतीच्याच, पण जड अशा एस्टीमचा सेट घेतला. ब्रॅकेट जाड प्लेटमधून कापून लेथवर बनवून घेतले. खर्चाचा आकडा लिहीत नाही, घरातले वाचतात.

सुरुवातीचे दिवस वैतागाचे होते. पॅड सुटतच नव्हते. डेक्कनला जाऊन आलं तरी हबकॅपला हात लावायची सोय नाही, आणि अ‍ॅव्हरेज पडलेलं. माझ्यासारख्याला हे दुसरं दुखणं जास्त लागतं. गॅरेजचं म्हणणं, "नवीन पॅड आहेत, घासून जागा करतील." कसली जागा! मास्टर सिलिंडर ज्या गाडीचा आणला होता तिला चारही ड्रम. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब अडकवून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, म्हणजे पाय काढल्यावर सिलिंडरची रबरं हवा ओढत नाहीत. ड्रमला चालतं, कारण त्याच्या स्प्रिंगा त्या दाबाला पुरून उरतात. डिस्कला स्प्रिंग कुठली? तेवढा दाबही पॅड चिकटवून ठेवायला पुरतो. पुढच्या लाइनचा व्हॉल्व्ह काढला, ऑइलमध्ये शिरलेली हवा म्हणजे एअर काढली, त्याच संध्याकाळी चाकं थंड. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर नुसत्या शिव्या असत्या.

मत बदललं ते पावसाळ्यात. कात्रजला भर पावसात पुढच्या ट्रकने अचानक थांबवलं, मी पाय दिला आणि गाडी थांबली. सरळ. स्टिअरिंगशी झटापट नाही. पसरणी उतरतानाही घाटाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पायडल तिथल्या तिथे. डिस्क उघडी असते, पाणी झटकते, लवकर निवते. पुस्तकात वाचलेलं पायाला कळलं.

बूस्टरबद्दल एक. घाट उताराला इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायची आमच्या वडिलांची सवय होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडी माझीही. तेव्हाही ती धोक्याचीच होती. आता विषयच संपला. बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद केलं की दोन-तीनदा दाबेपर्यंत साथ देतो आणि मग पायडल असं कडक होतं की दोन्ही पाय लावावेत. ते वाचणारं पेट्रोल मी अजून मनातल्या मनात मोजतो.

आता ब्रेक लाइट. या गाडीत लाइटचा स्विच पायडलवर नाही, ब्रेकच्या लाइनमध्ये आहे. ऑइलचा दाब पुरेसा वाढला की लाइट लागतो. ड्रम असताना हे बेमालूम चालायचं, कारण शूजच्या स्प्रिंगा ताणायलाच दाब लागतो. तो झाला की आधी लाइट लागणार, मग ब्रेक. डिस्कचे पॅड मुळात टेकलेलेच. हलका पाय दिला तरी गाडी हळू होते, पण दाब स्विचपर्यंत पुरत नाही. म्हणजे मी वेग कमी करतोय आणि मागच्याला पत्ताच नाही! लक्ष्मी रोडवरच्या गर्दीत आपण दिवसभर असाच हलका ब्रेक लावतो. मागचे हॉर्न मारून शिव्या घालायचे, मला वाटायचं पुण्यातलं नेहमीचंच. शेवटी एक स्कूटरवाला डिकीवर येऊन टेकला आणि म्हणाला, "काका, लाइट चालत नाही तुमचा." चालत होता. जोरात दाबला की.

हा दोष गाडीचा नाही, डिस्कचा नाही, अर्धवट केलेल्या कामाचा आहे. बाकी सगळं बदलताना हा स्विच त्यांनी हातही न लावता सोडला. उपाय म्हणजे पायडलच्या दांडीला लागणारा साधा प्लंजर स्विच. किंमत मामुली, एक अँगल, दोन वायरी. रात्री भिंतीसमोर गाडी लावून बघितलं: पायडल नखभर हललं की भिंत लाल. जुन्या स्विचचं भोक बुजवायला प्लग टाकला आणि पुन्हा एअर काढली, तर गॅरेजने त्या एअरची मजुरी वेगळी लावली. भांडण तिथेच पेटलं. शेवटी निम्मी दिली.

कुणी विचारलंच तर माझं मत असं: पैसे कमी असतील तर डिस्क नंतर, टँडेम मास्टर सिलिंडर आधी. आपल्या गाडीत मागच्या चाकाचा एक पाइप फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. टँडेममध्ये निदान दोन चाकं धरतात. फक्त रविवारी गाडी बाहेर काढणाऱ्याला एवढ्यावर ड्रम अजून पुष्कळ वर्षं पुरतील. घाट आणि पाऊस असेल तर डिस्क घ्याच, आणि स्विच पहिल्याच एस्टिमेटमध्ये लिहून घ्या.